बिराप्पा अंड्यांवर बसला

मल्लम्मा माकणीला निघाली तेव्हा गाडीत बसल्यावरही तिचं सांगणं संपलं नव्हतं. लेक तायव्वा तिसऱ्यांदा अवघडलेली, तिची सासू डोळ्यांनी अधू, घरात करणारं दुसरं कुणी नाही. म्हणून या खेपेला लेकीनं माहेरी यायचं सोडून आईच लेकीकडे चालली होती. पण जीव जेवढा लेकीत, तेवढाच तो घरातल्या एका पाटीतही अडकला होता. पाटीत भुसा, भुशात अकरा अंडी आणि अंड्यांवर तिची उघड्या मानेची काळी कोंबडी खुडूक होऊन बसलेली.

"रोज सकाळी एकदा खाली उतरवायची," ती नवऱ्याला सांगत होती. "दाणं टाकायचं, पाणी दावायचं. तिची ती फिरून परत बसती. तुमी अंड्यास्नी हात लावू नगा. आन् रोज एक गाठ मारायची."

गाठी मारायला तिनं लोकरीचा एक धागा खुंटीला टांगून ठेवला होता. पाच दिवसांच्या पाच गाठी तिनं आधीच मारल्या होत्या. एकविसावी गाठ पडली की पिल्लं.

"बरं," बिराप्पा म्हणाला. बायकोच्या कुठल्याही सांगण्यावर तो 'बरं'च म्हणायचा, आणि तीस वर्षांत त्यातलं निम्मंशिम्मं तरी त्यानं केलं होतं.

जळकोटापासून दीड कोसावरच्या त्या गावात बिराप्पा घोंगड्या विणायचा. बोलणं कमी, काम नेटकं. कोंबड्यांचं आणि त्याचं मात्र कधी जमलं नाही. त्या लोकरीत पाय घालायच्या, ताण्यावर शिटायच्या, चिंचोक्याची खळ चोचीनं उकरायच्या. मल्लम्माला त्यांचं वेड होतं. आणि ही अंडी तर साधीसुधी नव्हतीच, असील जातीची होती. नळदुर्गात एका पेन्शनीत निघालेल्या फौजी नाईकाची बायको हे उंच मानेचे, दगडी छातीचे कोंबडे पाळायची आणि अंडं कुणाला म्हणून द्यायची नाही. मल्लम्मानं हिवाळाभर कातलेलं सूत तिच्या ओटीत घातलं तेव्हा कुठं अकरा अंडी मिळाली. गाडीला हिसके बसतात म्हणून ती ज्वारीच्या टोपल्यात अंडी ठेवून सहा कोस चालत आली होती.

सात दिवस बिराप्पानं सगळं सांगितल्यासारखं केलं. धाग्याला बारा गाठी झाल्या.

बाराव्या दिवशी हैदराबादेकडचे कुणी साहेब दौऱ्यावर आले आणि ओढ्याकाठच्या आमराईत त्यांचे तंबू पडले. तंबू पडले की गावातल्या कोंबड्या गायब व्हायच्या. कुणी कणगीत लपवायचं, कुणी रानात नेऊन सोडायचं. चावडीवरून दगडोबा निघाला. गावकीचं काम त्याच्या घरात बापजाद्यापासून चालत आलेलं. चावडीनं सांगायचं आणि दगडोबानं दारोदार जाऊन आणायचं, मग शिव्या चावडीच्याही खायच्या आणि दारच्याही. चार घरं रिकामी फिरून तो बिराप्पाच्या दारात आला आणि ओट्याखाली उभा राहिला.

"अण्णा, कोंबडी पायजेल एक. चावडीचा सांगावा हाय."

बिराप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. काठाचा धागा तुटला होता आणि तो जोडायच्या नादात होता. बाकीच्या चार कोंबड्या सकाळपासून कुठं उकिरड्यावर गेल्या होत्या. मान वर न करता तो म्हणाला, "मागं पडवीत पाटीत बसलीया एक. मागच्या बाजूनं जा आन् ने."

दगडोबा मागच्या बाजूनं गेला. कोंबडी एकदाच ओरडली. बिराप्पानं गाठ आवळली, टोक दातानं तोडलं, हातानं चाचपून पाहिलं. गाठ कळून येत नव्हती. मग त्याला दिसलं, दगडोबा अजून मागच्या दारात उभा होता. काखेत काळी कोंबडी.

"खाली अंडी हाईत अण्णा," तो म्हणाला. "कळ्ळंच न्हाय मला. हिला परत ठिवू का?"

"आन् चावडीत काय सांगशील?"

दगडोबानं कोंबडी काखेत घट्ट धरली. आदल्या महिन्यात चावडीपुढं त्याला उन्हात ओणवं उभं केलेलं साऱ्या गावानं पाहिलं होतं. बिराप्पानंही पाहिलं होतं.

"जा घेऊन," बिराप्पा म्हणाला.

तो गेल्यावर बिराप्पा खड्ड्यातून उठला आणि पाटीपाशी जाऊन बसला. मल्लम्मानं हात लावू नका म्हटलं होतं, पण आता कुणासाठी न लावायचा? त्यानं एक अंडं उचललं. ताप आलेल्या पोराचं कपाळ लागावं तसं ते हाताला लागलं. आपण काय केलं हे त्याला तेव्हा समजलं. चावडीला नाही म्हणता आलं नसतंच, पण उठून उकिरड्यावरची एखादी धरून द्यायला काय झालं होतं? एका धाग्यापायी त्यानं मानही वर केली नव्हती.

घाईघाईनं त्यानं ठिपक्यांची कोंबडी शोधून आणली, अंड्यांवर बसवली आणि वर डालं झाकलं. आत धुमाकूळ झाला. डालं उचलून पाहतो तर ठिपकी पाटीबाहेर आणि एक अंडं फुटलेलं. बिराप्पा ते टाकून द्यायला उचलणार तोच थबकला. कवचात बोटाच्या पेराएवढा एक जीव होता. मोठा काळा डोळा, पाठीवर ओली लव. तो हलत होता. बघता बघता हलायचा थांबला.

बिराप्पानं ते कवच भुशातून अलगद बाजूला काढलं. मग उरलेली दहा अंडी त्यानं कच्च्या लोकरीत गुंडाळली आणि शेजारच्या नागूबाईकडे गेला.

नागूबाई सत्तरीची, साऱ्या गल्लीच्या कोंबड्या तिच्या सल्ल्यानं बसायच्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याकडं आता खुडूक न्हाय एकबी," ती म्हणाली. "गावात बी असली तर कुणी कबूल व्हायचं न्हाय, तंबू उठंपर्यंत."

"मग आक्का, गेलीच म्हणायची अंडी?"

"कोंबडी काय करती रं बिराप्पा? बसती. तू बी दिसभर बसतोसच की."

बिराप्पाला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण ती चेष्टा करत नव्हती. माहेरी असताना तिच्या आजीनं एकदा गरम कोंड्यात अंडी उबवलेली तिनं पाहिली होती. अर्धे दिवस कोंबडीनं काढलेत, आत जीव धरलाय, म्हणजे अर्धी ऊब आता अंडीच एकमेकांना देतील, असं ती म्हणाली. मग तिनं एकेक गोष्ट सांगितली. अंडं डोळ्याच्या पापणीला लावायचं, ऊन लागावं पण चटका बसू नये. अंड्याच्या एका बाजूला कोळशाची रेघ ओढायची आणि दिवसातून चारदा उलटायचं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. शेवटचे तीन दिवस उलटायचं नाही, ओलसर फडकं जवळ ठेवायचं.

"आन् हात धुऊन लाव," नागूबाई म्हणाली. "खळीचे हात नगंत."

मागाचा खड्डा कमरेइतका खोल होता. तिथं वारा लागत नसे; थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार. त्याच्या भिंतीत बिराप्पाच्या गुडघ्यापाशी एक कोनाडा होता, तंबाखूची पिशवी ठेवायचा. तंबाखू तिथून हलली आणि पाटी तिथं बसली. लढाई सुरू झाल्यापासून घासलेट मिळेनासं झालं होतं, तेव्हा कंदिलाची ऊब द्यायचा प्रश्नच नव्हता. पण खळ शिजवायची शेगडी होती. तिच्यावर पाणी तापवायचं, ते मातीच्या लोटक्यात भरून तोंडाला चिंधीचा बोळा लावायचा, लोटकं लोकरीत गुंडाळून अंड्यांच्या मधोमध ठेवायचं. ते निवलं की दुसरं. रात्री पाटी अंथरुणाशेजारी, वर दुहेरी घोंगडं. रात्री कितीदा जाग येई याचा त्यानं हिशेब ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडोबा आला. ओट्याखाली उभा राहून त्यानं फडक्याची एक पुरचुंडी वर ठेवली. त्यात भाताचा कोंडा होता, कुठून आणला कोण जाणे, त्या भागात भात पिकत नसे.

"नागूआक्का म्हनली कोंडा ऊब धरतो."

"धरतो खरा," बिराप्पा म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "साहेबांनी खाल्ली का?"

"साहेबाचं पोट बिघाडलं व्हतं. निस्तं ताक पिऊन झोपलं. शिपायांनी खाल्ली."

दगडोबा ओट्याखाली बसला आणि थोड्या वेळानं निघून गेला. तिसऱ्या प्रहरी परत आला, हातात बाभळीच्या लाकडाचे कोळसे. बाभळीचा विस्तव लवकर विझत नाही, म्हणाला. तेव्हापासून तो रोज यायचा.

गावाला कळायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, मल्लम्माचा दादला खुडूक झाला. पारावरचे म्हातारे त्याला हटकून विचारायचे, "काय बिराप्पा, आज उतरलास व्हय खाली दाणं टिपाया?" आधी बिराप्पाला राग आला. मग त्याच्या ध्यानात आलं की रागवायला सवड नाही, लोटकं निवत असतं. आठवड्याचा बाजार त्यानं चुकवला. घोंगडीला खळ द्यायची तर ती अंगणात ताणून कुंचा फिरवावा लागतो, घटका-दोन घटका जातात. ते कामही त्यानं पुढं ढकललं आणि नुसतं विणत राहिला. विणताना गुडघा कोनाड्याला लागायचा. पाटीतली ऊब त्याला गुडघ्यातून कळू लागली. पापणीला लावायच्या आधीच तो सांगू शकायचा की लोटकं बदलायला झालंय.

पंधराव्या गाठीला नागूबाईनं सांगितलं, आता उजेडावर धरून बघ, कुठलं भरलंय, कुठलं पोकळ. पोकळ अंडी काढून टाकायची, ती नासली की शेजारच्यांनाही नासवतात. पश्चिमेच्या खिडकीच्या फळीला एक गाठीचं भोक होतं. दिवस कलला की तिथून उन्हाची सळई आत यायची. बिराप्पानं दार लावून अंधार केला, अंडं भोकाशी धरलं. पण आयुष्यभर धाग्यांवर खर्ची पडलेले त्याचे डोळे. त्याला नुसतं लाल लाल दिसलं.

दगडोबा बाहेर ओट्याखाली बसला होता.

"दगडोबा, तुझं डोळं कसं हाईत?"

"चांगलं हाईत की."

"मग ये आत."

दगडोबा उठला, पण पायरीपाशी थांबला. या ओट्यावर तो कधी चढला नव्हता, त्याचा बापही चढला नव्हता. रस्त्यावर कुणी आहे का हे त्यानं बघितलं. बिराप्पानंही बघितलं, आणि समोरच्या दारात पंचाक्षरी वाणी उभा असलेला दोघांनाही दिसला.

"ये म्हनलो की," बिराप्पा म्हणाला. "ऊन जाईल."

दगडोबा आत आला. बिराप्पानं अंडी एकेक करून त्याच्या हातात दिली. दगडोबानं ती ओंजळीत धरून भोकाशी लावली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"ह्ये भरलंय. काळं दिसतंय सगळं, वरच्या बाजूला तेवढी पोकळी. ह्ये बी. अण्णा, ह्यात हाललं काईतरी." त्याचा आवाज बारीक झाला होता. "आन् ह्ये रिकामं. आरपार दिसतंय."

दोन रिकामी निघाली, आठ भरलेली. पंचाक्षरीनं पुढं दोन-तीन दिवस बिराप्पाशी बोलणं टाकलं. मग त्याला घोंगडी हवी होती, आणि तो बोलला.

अठराव्या दिवशी मात्र घात झाला. दुपारी भाकरी खाऊन बिराप्पानं नवं लोटकं ठेवलं. लोकरीचा वेढा नीट बसला नव्हता, आणि सहा रात्रींची अपुरी झोप एकदम डोळ्यांवर आली. मागाच्या दांड्यावर डोकं टेकून तो झोपला. जाग आली ती गुडघ्याला चटका बसल्यासारखं वाटून. लोटकं उघडं पडलं होतं आणि दोन अंडी त्याला थेट चिकटली होती. त्यानं अंडं पापणीला लावलं आणि झटकन दूर केलं.

सगळी अंडी त्यानं बाहेर काढून धोतराच्या सोग्यावर मांडली, त्यांना वारा घातला. पुन्हा पापणीला लावली, पुन्हा वारा घातला. संध्याकाळी दगडोबा आला तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"शिजिवली म्या," बिराप्पा म्हणाला. "कोंबडी बी घालिवली आन् अंडी बी शिजिवली."

दगडोबा आत आला, हात धुतले, अंडी कोंड्यात लावली, फडकं ओलं करून पिळलं आणि कडेनं ठेवलं. नंतर म्हणाला, "कोंबडीबी उठती की मधनंच. तिच्या बी हातनं काई व्हत आसंल. कोन बघाया बसलंय?"

मग दोन दिवस नुसती वाट बघणं. आता उलटायचंही नव्हतं. बिराप्पाच्या हातांना काम उरलं नाही, तेव्हा त्यानं राहिलेली घोंगडी विणून पुरी केली. विसाव्या दिवशी सकाळी त्यानं एक अंडं कानाशी धरलं. काही नाही. दुसरं धरलं. काही नाही. तिसऱ्यातून आवाज आला, लांबून कुणी हाक मारावी एवढा बारीक. त्यानं अंडं दुसऱ्या कानाला लावलं. तिथंही तेच. त्यानं ते इतक्या हळू खाली ठेवलं की ठेवल्याचं त्यालाही कळलं नाही.

"आक्का," तो भिंतीवरून म्हणाला, "बोलतंय."

नागूबाई काठी टेकत आली. तिनं ऐकलं आणि मान हलवली. "आता तू गप बसायचं. त्येंचं त्येंना करू दे."

हेच अवघड होतं. एकविसाव्या दिवशी उजाडता उजाडता एका अंड्याला टोच पडली, मग दुसऱ्याला. कवचाचा एवढासा टवका उडायचा आणि मग घटकाभर सगळं शांत. एक पिल्लू तर अर्धं कवच फोडून दमून पडलं. चोच बाहेर, श्वास चाललेला, पुढं काही नाही. जन्मभर तुटलेलं जोडणारी आणि गुंतलेलं सोडवणारी बिराप्पाची बोटं शिवशिवत होती. त्यानं दोनदा हात पुढं केला आणि नागूबाईनं दोनदा काठी आडवी केली.

"सोडिवलंस तर पायच धरणार न्हाय ते. जोर लावूनच पायात बळ येतं."

तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. दिवस कासराभर वर आला तेव्हा त्या पिल्लानं पाय झाडला, कवच दुभंगलं आणि ओलंचिंब, बेढब, लांब पायांचं ते बाहेर लोळलं. दगडोबा शेजारी उकिडवा बसला होता. "असील हाय," तो म्हणाला. "पाय बघा की."

दुपारपर्यंत सहा पिल्लं झाली. दोन अंड्यांतून काहीच आलं नाही. लोटक्याला चिकटलेली तीच असावीत. बिराप्पानं ती परड्यात पुरली. पिल्लं सुकली, फुगली, पण लोकरीचे तंतू त्यांच्या पायांना गुंडाळायला लागले. मग त्यानं बसून एकेका पायाचे तंतू कातरीनं सोडवले आणि खाली जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरला. ते सोडवताना पिल्लं त्याच्या तळहातावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तो पाणी आणायला उठला तर सहाही पाटीतून उड्या टाकून त्याच्या मागं निघाली.

मल्लम्मा पिल्लं झाल्यापासून पाचव्या दिवशी आली. गाडी दारात थांबली तेव्हा बिराप्पा अंगणात उकिडवा बसून ज्वारीच्या कण्या टाकत होता आणि सहा पिल्लं त्याच्या पायांत होती. ती उतरली, आधी पिल्लांकडे पाहिलं आणि मग इकडं तिकडं.

"तायव्वाला लेक झाली. दोघीबी चांगल्या हाईत," ती म्हणाली. "काळी कुठाय?"

बिराप्पानं उभं राहून सगळं सांगितलं. चावडीचं सांगितलं, आणि आपण मान वर केली नाही तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर तिला कधी कळलं नसतं. मल्लम्मा ऐकत राहिली. मग आत गेली, रिकाम्या खुराड्यापाशी थोडा वेळ उभी राहिली, तोंड धुतलं, चूल पेटवली. संध्याकाळपर्यंत ती नवऱ्याशी बोलली नाही. चार वर्षं ती कोंबडी तिच्या मागं मागं हिंडली होती.

भाकरी वाढताना म्हणाली, "दगडोबाला दोन द्याची, जरा मोठी झाली की. एक नर, एक तलंग."

"बरं," बिराप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरती घार घिरट्या घालू लागली. मल्लम्मानं सूप वाजवलं, ज्वारी दाखवली, तीस वर्षं ज्या हाकेनं कोंबड्या धावत येत ती हाक मारली. पिल्लं ढिम्म हलली नाहीत. माग चालत होता त्या दाराकडे बघत सहाही अंगणाच्या मधोमध उभी.

"अवं," तिनं हाक दिली, "बलवा की ह्येंना."

बिराप्पा खड्ड्यातून उठून दारात आला. समोर पंचाक्षरी वाणी दुकान उघडत होता, पाणवठ्याकडे दोघी-तिघी चालल्या होत्या. बिराप्पानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग गळ्यातून, नेमक्या खुडूक कोंबडीसारखा आवाज काढला. कुर्र कुर्र, कुक कुक. सहाही पिल्लं मान लांब करून त्याच्याकडे धावत सुटली.

मल्लम्मा सूप हातात धरून तिथंच खाली बसली आणि हसू लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. घार निघून गेली होती. बिराप्पानं पिल्लं पायांशी गोळा केली, एकदा मोजली, आणि त्यांना घेऊन आत विणायला बसला.